आकडा मे महिन्यातला घ्या: गावाच्या शाश्वत विकासाचे निर्देशक कसे निवडायचे

आमच्या गटाने कोकणातल्या आमच्या गावासाठी निर्देशकांची पहिली यादी केली तेव्हा ती ६४ ओळींची झाली होती. एक्सेलमध्ये रंगीत रकाने, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. महिनाभर उत्साहात भरली. शिमग्यात पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली, तोवर वही नक्की कुणाच्या घरी आहे हेच कुणाला सांगता येईना. यादी करायला तीन बैठका लागल्या होत्या आणि चहाचा खर्च पंचायतीने केला होता, म्हणून लाज जास्त वाटली.

आता आमच्या यादीत ११ निर्देशक आहेत आणि ते भरले जातात. ६४ वरून ११ वर येताना जे शिकलो ते इथे लिहितो. तुम्ही नवे ग्रामपंचायत सदस्य असाल, बचत गट चालवत असाल, किंवा मुंबईहून कायमचे गावी आलेले चाकरमानी असाल, तर उपयोगी पडेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. निर्देशक म्हणजे एखाद्या गोष्टीची स्थिती सांगणारी एक खूण, बहुतेकदा एक आकडा: विहिरीची मे महिन्यातली पाण्याची पातळी. निर्देशांक म्हणजे असे अनेक आकडे एकत्र करून काढलेला एक आकडा: मानव विकास निर्देशांक. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. गावाला लागतात ते निर्देशक. निर्देशांकाच्या वाटेला का जाऊ नये, ते पुढे येईलच.

‘शाश्वत विकास’ ही कल्पना संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलांड आयोगाच्या १९८७ च्या अहवालामुळे जगभर गेली: आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांच्या वाटेचं ओरबाडून नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत ‘अजेंडा २१’ हा एकविसाव्या शतकासाठीचा कृती आराखडा मान्य झाला आणि त्याच्या ४० व्या प्रकरणात ही प्रगती मोजायला निर्देशक तयार करा असं देशांना सांगितलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास आयोगाने १९९६ मध्ये १३४ निर्देशकांची यादी काढली. काही देशांनी ती वापरून पाहिली आणि २००१ मध्ये ती ५८ वर आली. आमचे ६४ आठवून मला यात थोडा दिलासा मिळतो. २०१५ पासूनच्या शाश्वत विकास ध्येयांत पुन्हा १७ ध्येयं, १६९ लक्ष्यं आणि २३० च्या वर निर्देशक आहेत, पण ते देशांसाठी आहेत. आपल्या पंचायतीसाठी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने त्याचे ९ विषय केले आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, जलसमृद्ध गाव वगैरे. आराखडा करताना हे ९ विषय भिंतीवर लावून ठेवा. सुरुवात मात्र तिथून करू नका.

१. आधी प्रश्न लिहा, आकडे नंतर

आमची पहिली चूक ही की उपलब्ध काय आहे ते आम्ही आधी पाहिलं. अंगणवाडीत वजनाचं रजिस्टर आहे, घ्या. पंचायतीत घरपट्टीची वसुली आहे, घ्या. असं करत गेलं की कागदावर सोपं ते यादीत येतं आणि गावाला टोचणारं बाहेर राहतं.

दुसऱ्या वेळी वाडीवाडीत बसून एकच विचारलं: दहा वर्षांनी या गावात राहणं जमेल की नाही, हे कशावरून ठरेल? उत्तरं पटापट आली. उन्हाळ्यात पाणी असेल का. खाडीत मासळी राहील का. आंब्यातून फवारणीचा खर्च सुटेल का. घरात तरणं माणूस असेल का, की सगळी कुलपं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, काय होणार, तिथे चरायला गुरं जाणार की तिथली जमीन विकली जाणार. किनाऱ्यावरच्या वाडीत एकीने विचारलं, पर्यटकांनी आणलेला कचरा शेवटी जातो कुठे. हा प्रश्न आमच्या ६४ ओळींत नव्हता.

प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ मोकळी सोडा: ‘हे बिघडलं तर आपण काय करणार?’ उत्तर सुचलंच नाही, तर तो निर्देशक आत्ता घेऊ नका. ज्याच्यामुळे कुणाचाच निर्णय बदलणार नाही तो आकडा वहीतली एक ओळ अडवतो, दुसरं काही करत नाही.

२. कुठला महिना, कुठली जागा

कोकणात हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबतो.

किनारपट्टीवर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच गावांना मे महिन्यात टँकर लागतो. इथला जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र. पाणी मुरतं तसं खालून निघूनही जातं. त्यामुळे ऑक्टोबरात मोजलेली विहीर तुम्हाला गोड बातमी देईल आणि ती निरुपयोगी असेल. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हाला चार वेळा जमत नसेल तर एकदा मोजा, पण ते मे महिन्यातच.

नळाचंही तसंच. २०१९ ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. ‘किती घरांत नळ’ हा आकडा सोपा, आणि एकदा १०० टक्के झाला की तिथेच राहतो. आम्ही तो काढून टाकला. त्याऐवजी ‘मे महिन्यात किती दिवस नळाला पाणी आलं’ असं लिहितो. प्रत्येक वाडीतली एक बाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिकमार्क करते. ३१ पैकी किती. बस्स.

विहीर मोजायला गेलो ती सकाळ सांगतो. मी पुण्याहून आणलेली टेप, वही, मोबाइलवर जागेची नोंद, असा सगळा सरंजाम घेऊन उभा. वरच्या वाडीतल्या एक काकी कळशी भरून बाजूला ठेवत म्हणाल्या, “ह्यां कशाला? त्या काळ्या दगडाच्या खाली पाणी गेला की समजायचा, आता रात्रीचा उठायला लागणार.” खाली वाकून पाहिलं तर विहिरीच्या जांभ्याच्या बांधकामात एकच काळा दगड होता. पाणी त्याच्या वर असेपर्यंत सकाळी सगळ्यांना पुरतं. खाली गेलं की झरे भरायला वेळ लागतो आणि बायका पहाटे तीनला नंबर लावतात. आम्ही टेप सोडली. काठापासून तो दगड ७ मीटर २० सेंटिमीटर खाली निघाला. निर्देशक तिथल्या तिथे तयार झाला: ‘काळा दगड उघडा पडल्याची तारीख’. ही तारीख एप्रिलकडे सरकली तर वाईट, मेच्या अखेरीकडे सरकली तर बरं. लहान पोरंही सांगू शकतात.

पण त्याच वर्षी गोंधळही आमचाच झाला. खालच्या वाडीतली विहीर कधी सकाळी सातला मोजली, कधी दुपारी, पंप चालून गेल्यावर. वहीत पाणी दोन आठवड्यांत एक मीटर उतरलेलं आणि नंतर परत चढलेलं दिसत होतं, पाऊस नसताना. वेळ पक्की करा: पहाटे, पंप सुरू होण्याआधी. खाडीजवळच्या विहिरीला आणखी एक भानगड असते, ती भरती-ओहोटीची. तिथे खारेपणा मोजायचा असेल तर मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या उधाणाला, भरती भरल्यावर मोजा आणि दर वर्षी हीच तिथी धरा. मच्छीमार सगळं तिथीवरच बोलतात, तेव्हा कुणी विसरणार नाही. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. पेनासारखं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. ते क्षारच दाखवतं, जंतू नाही. जंतूंसाठी वेगळी बाटली लागते.

३. ताण, स्थिती, उपाय वेगळे करा

निर्देशक तीन जातींचे असतात. ताण दाखवणारे: गावात बोअरवेल किती, आंब्यावर हंगामात फवारण्या किती. स्थिती दाखवणारे: पाणी किती, मासा केवढा. आणि उपाय दाखवणारे: बंधारे किती, कचराकुंड्या किती.

सरकारी कागदात तिसरी जात जास्त, कारण पैसा तिथे खर्च होतो आणि फोटो तिथे निघतो. पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई बंधारे किती घातले हे जरूर लिहा, पण त्याच्या शेजारच्या रकान्यात पऱ्या वाहायचा थांबला ती तारीख लिहा. पोत्यांचे पंधरा बंधारे घालून पऱ्या जानेवारीतच आटला, तर बंधाऱ्यांच्या जागा चुकल्या आहेत. नुसत्या पंधरा या आकड्याने हे कधीच कळलं नसतं.

मासळीत हे आणखी फसवं होतं. मच्छीमाराचं उत्पन्न टिकून आहे म्हणजे मासळी टिकून आहे असं नाही. मासा कमी झाला की भाव चढतो आणि दोन-चार वर्षं सगळं ठीक दिसतं. म्हणून उत्पन्न सोडा, मेहनतीमागे मासळी मोजा. छोट्या होडीला एका खेपेत किती डिझेल लागलं आणि किती टोपल्या मिळाल्या. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) किती माणसं ओढायला होती आणि वाटा किती पडला. किलोत सांगायला कुणी तयार नसतं, टोपल्यांत सगळे सांगतात. टोपलीचं वजन एकदा करून ठेवा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणून दर वर्षी ऑगस्ट उलटल्यावर तेच चार आठवडे घ्या.

दुसरं, लिलावाच्या वेळी पट्टी घेऊन जा. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिले आहेत. पहिल्या टोपलीतले वीस पापलेट मोजा, त्यांतले किमान आकाराखालचे किती ते लिहा. मोठा मासा आधी विरळ होतो आणि टोपल्यांची संख्या नंतर पडते. सावध व्हायला तेवढा अवधी मिळतो. खाडीतल्या शिंपल्यांसाठी, म्हणजे तिसऱ्या-कालवांसाठी, तर पट्टीही नको. एका ओहोटीत टोपली भरायला किती वेळ लागला, ते तिथे जाणाऱ्या बायका बिनचूक सांगतात.

४. दिशा ठरते का पाहा

‘वाढलं तर चांगलं की वाईट?’ याचं उत्तर सगळ्यांचं एकच येत नसेल तर तो निर्देशक कच्चा.

कांदळवनाचं क्षेत्र घ्या. वाढलं की टाळ्या. पण खारबंदिस्ती (खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध) फुटून शेतं पडीक पडली की तिथेही कांदळवन शिरतं. खाडी गाळाने भरली तरी ते पुढे सरकतं. कापलेलं परत उगवलं ही एक गोष्ट, भाताचं खाचर गेलं ही दुसरी, आणि उपग्रहाच्या चित्रात दोन्ही हिरवंच. तेव्हा क्षेत्राबरोबर ‘कुठे वाढलं’ हेही लिहायला हवं.

याहून मोठी फसगत रत्नागिरी जिल्ह्याच्या लिंगगुणोत्तराची. २०११ च्या जनगणनेत ते हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असं आहे. नुसत्या आकड्यावर गेलात तर हा देशातला आदर्श जिल्हा. खरं कारण बोरिवलीच्या आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभं असतं. पुरुष नोकरीला मुंबईत, बाया गावी. ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर काढलंत तर तिथे मुली हजाराच्या आतच आहेत. त्याच जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली आहे. म्हणजे आपल्याकडे ‘माणशी’ मोजलेलं काहीही, पाणी असो की शाळेच्या खोल्या, काही न करता सुधारू शकतं. माणसं गेली की भागाकार मोठा येतो. भागताना खाली कोण आहे ते तपासा. आणि गणपतीत मोजलंत तर उलटं होईल तेही ध्यानात ठेवा.

कासवांच्या घरट्यांबद्दलही सावध राहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखली जातात आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही हे काम घेतलं. घरटी जास्त दिसली ती कासवं वाढली म्हणून की पहाटे फिरणारी माणसं वाढली म्हणून? घरट्यांच्या शेजारी किती पहाटे किती किलोमीटर चाललो हे लिहिलं, तरच उत्तर मिळतं.

५. प्रत्येकाचं कार्ड करा

उरलेल्या प्रत्येक निर्देशकासाठी एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. आमचं एक असं आहे:

वरच्या वाडीची विहीर. काय मोजायचं: काळा दगड उघडा पडल्याची तारीख, आणि १५ मेला काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, सेंटिमीटरमध्ये. कुठून: कठड्यावर लाल रंगाची खूण आहे तिथून. वेळ: सकाळी सहाच्या आत. कोण: वाडीतला एकजण, तो नसेल तर शेजारचा दुसरा (दोघांची नावं कार्डावर). धोक्याची खूण: दगड १० एप्रिलच्या आधी उघडा पडला तर. मग काय: पंचायतीला लगेच कळवायचं, टँकरची मागणी तेव्हाच करायची, बागेला पाणी घेणं बंद.

शेवटची ओळ लिहायला सर्वात जास्त भांडण झालं. ‘बागेला पाणी बंद’ हे ज्यांची कलमं लहान आहेत त्यांना कसं पटावं? दोन संध्याकाळी गेल्या. पण ते भांडण एप्रिलमध्ये विहिरीच्या काठावर होण्यापेक्षा डिसेंबरात देवळाच्या ओट्यावर झालं ते बरं.

६. सरासरी काढू नका, वाडी लिहा

आपलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. खाली खाडीकाठच्या वाडीत बारमाही पाणी, वर सड्यालगत ठणठणाट. सरासरी काढली की गावाला पाणी ‘बरं’ आहे. सड्याकडची वाडी बहुतेकदा ज्यांना आधीपासूनच कमी मिळालं त्यांची असते. तेव्हा वाडीवार लिहा, आणि सर्वात वाईट आकडा आला त्या वाडीचं नाव आधी वाचा.

७. पायाभूत वर्ष जपून

तुलना कुठल्या वर्षाशी करणार? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. २०२० हे पायाभूत धरलंत तर पुढचं प्रत्येक वर्ष प्रगतीचंच दिसेल. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आणि जुलैमध्ये चिपळूणचा पूर. तेही तसंच वर्ष. हापूस तर स्वभावानेच एका वर्षी भरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. आंब्यासाठी एका वर्षाचा आकडा कधीच वापरू नका, तीन वर्षांची सरासरी धरा. जुन्या नोंदी नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारून ‘त्या वर्षी दगड शिमग्यातच उघडा पडला होता’ अशा आठवणी लिहा, पण वेगळ्या शाईने.

८. बेरीज करायचा मोह

सगळे आकडे शंभरपैकी करून एकच गुण काढला की सभेत वाचायला छान वाटतं. एका वाडीत पाण्याला २० आणि शाळेला ८०, दुसरीत दोन्हीला ५०. सरासरी दोघींची ५०. पहिल्या वाडीत तहान आहे, हे या पन्नासात दिसतं का? मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय मध्य घेतला (दोन आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ). त्याने पहिल्या वाडीला ४० मिळतील, म्हणजे दुखणं थोडं तरी दिसेल. तरी माझं मत असं की ११ आकडे ११ च राहू द्यावेत.

बक्षीसही आकड्याला चिकटवू नका. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेला मुद्दा आज असा सांगतात: माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. सगळ्यात कमी कचऱ्याच्या वाडीला बक्षीस ठेवा आणि तो कचरा पऱ्यात कसा जातो ते बघा.

९. फळा, आणि दर वर्षी एकाची हकालपट्टी

आकडे वहीत ठेवू नका. एसटीच्या थांब्यावर किंवा रेशनच्या दुकानासमोर काळा फळा लावा, या वर्षीचा आकडा आणि शेजारी गेल्या वर्षीचा. १ मेच्या ग्रामसभेत तो वाचा. तेव्हा विहिरी खाली गेलेल्या असतात आणि मुंबईची मंडळीही सुट्टीला आलेली असतात. मे महिन्यातले आकडे मात्र तेव्हा गेल्या वर्षीचेच असतील. खाली लिहायला विसरू नका: कुणी, कधी मोजलं. चुकलं असेल तर लोक तिथल्या तिथे सांगतात. आमची रापणीची नोंद अशीच एकाने उभ्या उभ्या खोडायला लावली होती, आणि त्याचं बरोबर होतं.

पावसाळ्यात, कामं कमी असताना, यादी पुन्हा पाहा. वर्षभरात ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही तो निर्देशक काढा. नवा घ्यायचा तर एकच. मोजायची पद्धत बदलत असाल तर पहिलं वर्षभर जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी मोजा. आम्ही सुरुवातीला गाठी मारलेला काथ्याचा दोर वापरत होतो. भिजल्यावर त्याच्या लांबीचा भरवसा राहत नाही, हे टेपशी ताडून पाहिल्यावर कळलं. दोन्हींतला फरक कार्डाच्या मागे लिहून ठेवला आहे, म्हणून जुने आकडे फेकावे लागले नाहीत. दोर अजून विहिरीवर आहे. त्याने आता कळशी ओढतात.